कोरसचं करायचं काय? 'द गॉस्पेल ॲट कोलोनस' या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

ग्रीक शोकांतिका करायला घेतली की सगळ्यात आधी गाडं अडतं ते कोरसपाशी, म्हणजे नाटकात एकत्र गाणाऱ्या, बोलणाऱ्या आणि नाचणाऱ्या समूहापाशी. राजा, राणी, दूत, आंधळा भविष्यवेत्ता हे सगळं नट निभावून नेतात, पण त्या पंधरा जणांचं करायचं काय? एका सुरात बोलायला लावलं तर पाठांतर ऐकतोय असं वाटतं, सुटं सुटं बोलायला लावलं तर तो कोरसच राहत नाही, नाचवलं तर मधेच दुसरा कार्यक्रम सुरू झाल्यासारखं होतं. मग वैतागून दिग्दर्शक तो भाग कापतो आणि हातात उरतो नुसता गोष्टीचा सांगाडा. प्रायोगिक नाटकांच्या तालमींना बसलेल्या कुणालाही हे सांगायला नको. म्हणून एका प्रयोगाबद्दल जरा सविस्तर लिहितोय, कारण माझ्या मते ज्यांना हा कोरसचा प्रश्न खरोखर सुटला अशा फार थोड्या लोकांपैकी हा प्रयोग करणारे एक आहेत, आणि तो सुटला कारण त्यांनी कोरस नव्याने 'बसवला' नाही, जिथे तो अजून जिवंत होता तिथेच नाटक नेलं.

प्रयोगाचं नाव 'द गॉस्पेल ॲट कोलोनस'. गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायलं जाणारं भक्तिसंगीत. पहिला प्रयोग नोव्हेंबर १९८३, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकच्या नेक्स्ट वेव्ह फेस्टिव्हलमध्ये. संहिता आणि दिग्दर्शन ली ब्रुअरचं, संगीत बॉब टेल्सनचं. ब्रुअर म्हणजे माबू माइन्स या न्यूयॉर्कच्या प्रायोगिक ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक, हा ग्रुप १९७० चा, त्यात संगीतकार फिलिप ग्लासही होता. ब्रुअर आणि टेल्सन यांनी आधी 'सिस्टर सुझी सिनेमा' नावाचा एक छोटा प्रयोग केला होता, फोर्टीन कॅरट सोल नावाच्या गायक मंडळींना घेऊन, म्हणजे मंचावर गाणारा ग्रुप हाच नाटकाचा कणा असू शकतो हे त्यांनी आधीच चाचपून पाहिलं होतं.

आता मूळ नाटक. आपल्याकडे इडिपस म्हटलं की बाप मारला, आईशी लग्न केलं, डोळे फोडून घेतले, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पु. लं. नी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणल्यामुळे तर अजूनच. पण ते झालं पहिलं नाटक. 'इडिपस ॲट कोलोनस' ही त्यानंतर कित्येक वर्षांनी घडणारी गोष्ट आहे आणि सोफोक्लिस या ग्रीक नाटककाराने ती नव्वदीच्या आसपास लिहिली, स्वतःच्याच जन्मगावाबद्दल, कारण कोलोनस हे अथेन्सजवळचं त्याचं गाव. इ. स. पूर्व ४०६ च्या सुमारास तो गेला आणि नाटक रंगमंचावर आलं इ. स. पूर्व ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने आणलं. गोष्ट अशी की थकलेला, आंधळा, सगळ्यांनी हाकलून दिलेला इडिपस मुलीचा, अँटिगनीचा, हात धरून कोलोनसला येतो आणि नेमका देवींच्या पवित्र राईत जाऊन बसतो. गावकरी म्हणजे कोरस म्हणतात ऊठ इथून, आणि नाव कळल्यावर तर म्हणतात गावच सोड. मग दुसरी मुलगी इस्मीन बातमी आणते की देववाणी झालीय, ज्या मातीत याचं थडगं असेल त्या मातीचं भलं होणार. झालं, ज्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याच्यासाठी ओढाताण सुरू. थीब्ज या इडिपसच्या जुन्या राज्याचा सत्ताधारी क्रेऑन मुलींना पळवून नेतो, अथेन्सचा राजा थिसिअस त्यांना सोडवून आणतो, मुलगा पॉलिनायसिस आशीर्वाद मागायला येतो आणि बाप त्याला शाप देतो, आणि शेवटी आभाळ गडगडतं, इडिपस कुणाच्याही आधाराशिवाय चालत जातो आणि नाहीसा होतो. कसा गेला हे फक्त थिसिअसने पाहिलेलं असतं.

यात नाट्य म्हणावं तर फार नाही, जे भयंकर व्हायचं ते आधीच होऊन गेलंय. एक माणूस येतो, बसतो, लोक येऊन त्याच्याशी बोलतात, तो मरतो. म्हणूनच हे नाटक फार कमी जण करतात. पण नीट बघितलं तर ही एका बहिष्कृत माणसाला एका समाजाने आत घेण्याची गोष्ट आहे, आणि मरणाची भीती जाऊन तिथे शांतता येण्याची. अमेरिकेतल्या ब्लॅक चर्चमध्ये पिढ्यानपिढ्या रविवारी सकाळी नेमकं हेच चालत आलंय. ब्रुअरने ही दोन टोकं जोडली, माझ्या दृष्टीने सगळी गुणवत्ता या एका निर्णयात आहे, बाकी त्याची अंमलबजावणी.

तर त्याने केलं काय, की नाटकाची अख्खी चौकट बदलली. मंचावर कोलोनस नाही, राई नाही, पेंटेकॉस्टल, म्हणजे गात-नाचत उत्स्फूर्त उपासना करणाऱ्या पंथाच्या, चर्चमधली प्रार्थनासभा आहे. प्रीचर, म्हणजे प्रवचनकार, उभा राहतो, जमलेल्या बंधू-भगिनींचं स्वागत करतो आणि सांगतो की आजच्या प्रवचनासाठी मी वचन घेतोय ते 'बुक ऑफ इडिपस' मधलं. म्हणजे सोफोक्लिसचं नाटक हेच त्या दिवसाचं पवित्र पुस्तक. मग तो गोष्ट सांगू लागतो, सांगता सांगता इडिपस होतो, पुन्हा प्रीचर होतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही खरं तर, आपलं नारदीय कीर्तन डोळ्यासमोर आणा, पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान, एकच बुवा ध्रुव पण होतो आणि सावत्र आई पण होतो, मधेच थांबून श्रोत्यांशी बोलतो, आणि कुणाला त्यात काहीही खटकत नाही. (ना. वा. टिळकांसारख्यांनी तर ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं मराठीत केलीच आहेत, त्यामुळे चर्च आणि आख्यान ही जोडी आपल्यालाही नवी नाही.)

बाकीची पात्रंही चर्चमधल्या माणसांवर बसवली. थिसिअस झाला पास्टर म्हणजे मंडळीचा प्रमुख, क्रेऑन झाला डीकन म्हणजे चर्चचा कारभार बघणारा, अँटिगनी झाली इव्हँजेलिस्ट म्हणजे धर्मप्रचारक, आणि पॉलिनायसिस झाला उभा राहून साक्ष देणारा, ज्याला तिथे टेस्टिफायर म्हणतात. हे नुसतं कपडे बदलणं नाहीये. प्रत्येक ठिकाणी आधीच ठरलेलं एक काम आहे, कोण कधी बोलतो, कुणाला उत्तर मिळतं, कुणाचं ऐकून घेतलं जातं, आणि ते काम त्या पात्राच्या नाटकातल्या कामाशी जुळतं. पास्टर एखाद्या परक्याला मंडळीत घेतो तेव्हा तो तेच करत असतो जे थिसिअस करतो. त्या प्रसंगाचं गाणं आहे 'नेव्हर ड्राइव्ह यू अवे', तुला इथून कधीच हाकलणार नाही, आणि ते कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, गायला लागल्यावर सोफोक्लिसच्या नाटकातला राजकीय आश्रय आणि चर्चमधलं मंडळीत सामावून घेणं यातला फरक पुसला जातो.

आणि कोरस? कोरस म्हणजे ब्रुकलिनचा इन्स्टिट्यूशनल रेडिओ कॉयर, खरा कॉयर, खऱ्या चर्चचा. नट घेऊन त्यांना गॉस्पेल शिकवलेलं नाही. हा माझ्या मते सगळ्यात शहाणा निर्णय. या लोकांना एकत्र श्वास कसा घ्यायचा, प्रीचरच्या वाक्याला कुठे हुंकार द्यायचा, कुठे उठून उभं राहायचं, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला टाळी कशी धरायची हे कुणी शिकवावं लागत नाही, त्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. ग्रीक कोरसही असाच होता हे आपण विसरतो, व्यावसायिक नट नव्हते ते, अथेन्सचे नागरिक होते, देवाच्या उत्सवात गात आणि नाचत होते.

यातली जी गोष्ट मला परत परत बघावीशी वाटते ती म्हणजे प्रीचर आणि ऑर्गन यांच्यातला व्यवहार. (१९८५ मध्ये फिलाडेल्फियात याचं चित्रीकरण झालं आणि ते अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर दाखवलं गेलं, त्यामुळे आपल्याला हे आज बघता येतं.) प्रीचर म्हणजे मॉर्गन फ्रीमन, तेव्हा तो सिनेमातला स्टार नव्हता. तो साध्या बोलण्याच्या आवाजात सुरू करतो. वाक्य संपतं, श्वास घेतो, त्या फटीत ऑर्गन एक छोटा स्वरसमूह टाकतो. पुढचं वाक्य जरा वरच्या पट्टीत, पुन्हा ऑर्गन, आता कॉयरमधून कुणीतरी हुंकार देतं. वाक्यं आखूड होत जातात, फटी नेमक्या लयीत यायला लागतात, आणि एका क्षणी तुमच्या लक्षात येतं की हा आता बोलत नाहीये, गातोय, पण सीमा कधी ओलांडली ते सांगता येत नाही. या प्रकाराला त्यांनी नाव दिलंय 'ट्यून्ड रिस्पॉन्स', प्रयोगातल्या एका तुकड्याचं नावच ते आहे. ग्रीक नाटकात संवादातून गाण्यात आणि गाण्यातून संवादात जाणं हा मोठा भाग होता आणि आज त्याचं संगीत आपल्याकडे जवळजवळ काहीच उरलेलं नाही, शब्द तेवढे आहेत. इथे तो सांधा पुन्हा चालू झालेला दिसतो, तो कसा सांधायचा हे जिला रोजच्या सवयीने माहीत आहे अशा परंपरेने चालू केलेला.

शब्दही बघण्यासारखे आहेत. ब्रुअरने रॉबर्ट फिट्झगेराल्डचं १९४१ चं इंग्रजी भाषांतर घेतलं, आणि गाण्यांच्या ओळी बहुतेक जागी त्यातूनच उचलल्या. 'अश्रूंतून तुला मी पाहू कशी' हे इस्मीनचं गाणं, जेव्हेटा स्टीलने गायलेलं, ते मुळात सोफोक्लिसचंच वाक्य आहे. लांब संवादातून एक ओळ निवडायची, ती धृपदासारखी फिरवायची, इतकंच केलं. पहिल्या अंकाच्या शेवटी जे मोठं समूहगान येतं, जगातल्या अगणित आश्चर्यांत माणूस हे सगळ्यात मोठं, ते तर 'अँटिगनी' या दुसऱ्याच नाटकातून उचललंय. इथे भाषांतराशी प्रामाणिक राहणारे लोक कपाळाला हात लावतील पण मला ते चालतं, कारण त्या जागी सभेला एक उंच जागा हवीच होती आणि 'कोलोनस' मध्ये तशी जागा नाही.

आता इडिपसबद्दल. बोलणारा इडिपस फ्रीमन, आणि गाणारा इडिपस? क्लॅरन्स फाउंटन आणि त्याचे फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा. या ग्रुपची सुरुवात १९३९ ची, अलाबामातल्या टॅलाडेगा इथल्या, वर्णभेदाच्या काळातल्या, कृष्णवर्णीय अंध मुलांच्या शाळेतली. सॅम कूक हा गाजलेला गायक गॉस्पेल सोडून पॉपकडे गेला तेव्हा यांनाही तशी बोलावणी आली होती आणि यांनी नाही म्हटलं होतं. आणि गंमत म्हणजे सॅम कूकचा जुना ग्रुप सोल स्टिरर्स, तोही याच प्रयोगात आहे, जे. जे. फार्ली कोरसचा म्होरक्या म्हणून. म्हणजे गॉस्पेलचा चाळीसेक वर्षांचा इतिहास मंचावर प्रत्यक्ष उभा आहे.

ब्लाइंड बॉइज चालताना पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने येतात, काळे चष्मे, छोटी छोटी पावलं. ही त्यांची नेहमीची, गरजेतून आलेली चाल आहे, दिग्दर्शकाची कल्पना नाही. पण इडिपस म्हणून ते तसे येतात तेव्हा एकाच माणसाचं दुःख एकावर मावत नाही म्हणून अनेकांनी वाटून घेतलंय असं दिसतं. सोफोक्लिसच्या इडिपसचं म्हणणं हे की माझ्या हातून जे घडलं ते मी केलं त्यापेक्षा मी सोसलं असं म्हणा. अंधत्व आणि वर्णभेद दोन्ही सोसलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस हे गातो तेव्हा त्या वाक्याला जो भार येतो तो कितीही चांगल्या नटाने आणता आला नसता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

इथवर सगळं जुळलं. पण न जुळणारंही आहे.

पहिलं म्हणजे शाप. ख्रिस्ती सभेत बाप मुलाला माफ करतो, बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट तिथल्या लहान पोरालाही पाठ असते. आणि इथे पॉलिनायसिस येतो, रडतो, चूक कबूल करतो, आणि बाप म्हणतो तू भावाच्या हातून मरशील. ब्रुअरने हा शाप कापला नाही. माझ्या मते बरोबर केलं, कापला असता तर सोफोक्लिस उरला नसता. पण तो ठेवल्यामुळे प्रीचरच्या तोंडून, त्या व्यासपीठावरून, जी भाषा येते ती त्या व्यासपीठाची नाही, आणि पाच-दहा मिनिटं सभा आणि नाटक एकमेकांपासून सुटतात. काहींना हा दोष वाटतो. मला वाटतं प्रयोगातली सगळ्यात खरी अस्वस्थता तीच आहे, पण त्या अस्वस्थतेचं पुढे काही होत नाही, सभा पुन्हा गाण्यावर येते आणि शाप मागे राहून जातो.

दुसरं म्हणजे शेवट. सोफोक्लिसकडे इडिपस जातो तो जातो, थडगं कुठे हेही मुलींना कळत नाही, आणि अँटिगनी आपल्या मरणाकडे म्हणजे थीब्जकडे परत निघते. गॉस्पेलमध्ये एवढ्यावर थांबणं शक्यच नव्हतं. तिथे 'लिफ्ट हिम अप' हे गाणं येतं, अख्खा कॉयर उभा राहतो आणि इडिपसचं पुनरुत्थान होतं. नाट्यगृह हललं असणार यात शंका नाही, रेकॉर्डिंग बघतानाही अंगावर काटा येतो. पण हा ग्रीक शेवट नाही. मग लगेच रडणं थांबवा असं सांगणारं शांत शेवटचं गाणं येतं, ते मात्र पुन्हा सोफोक्लिसच्या अगदी जवळचं, आणि मला व्यक्तिशः ते जास्त खोल वाटतं.

तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे पण टाळून चालणार नाही. ब्रुअर आणि टेल्सन दोघेही गोरे. ब्लॅक चर्चची सगळ्यात जवळची गोष्ट त्यांनी तिकीट लावून दाखवली, आणि त्या चर्चला मोठेपण मिळवून द्यायला ग्रीकांचा आधार लागला असंही त्यातून वाचता येतं. कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टनने १९३० च्या दशकातच लिहून ठेवलंय की खरी स्पिरिच्युअल्स, म्हणजे कृष्णवर्णीयांची पारंपरिक भक्तिगीतं, कॉन्सर्टच्या मंचावर गायली जातात ती नव्हेत, खरी मंडळीत प्रत्येक वेळी नव्याने घडतात. ही कसोटी लावली तर प्रयोग कुठे बसतो? मला वाटतं गाणाऱ्यांनी तो वाचवला. संगीत टेल्सनचं असलं तरी रोजच्या रोज ते कसं गायचं हे फाउंटन, फार्ली, स्टील भावंडं आणि कॉयरच ठरवत होते, गॉस्पेलमध्ये कागदावरचं फार थोडं असतं. तरी श्रेयाच्या ओळीत दोनच नावं वर येतात, हेही खरंच.

आता व्यवहार. १९८४ मध्ये सर्वोत्तम संगीतनाट्यासाठी न्यूयॉर्कच्या छोट्या रंगमंचांचा ओबी पुरस्कार, १९८५ मध्ये पुलित्झरच्या अंतिम यादीत. आणि मग मार्च १९८८ मध्ये ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी, तिथलं लंट-फाँटॅन थिएटर, साधारण १५०० सीट्स. मे महिन्यात बंद, ६१ प्रयोग. कारणं मला अशी दिसतात. एवढा मोठा संच रोज पोसायचा तर हाउसफुल लागतं. त्याच हंगामात 'फँटम ऑफ द ऑपेरा' सुरू झालं होतं, महागड्या तिकिटाच्या प्रेक्षकाला ब्रॉडवेवर काय हवं होतं ते त्यावरून कळतं. पण त्याहून मोठं कारण हे की या प्रयोगाचा अर्धा भाग प्रेक्षकांनी करायचा असतो. प्रीचरला उत्तर मिळालं तरच पुढचं वाक्य वर चढतं. ब्रुकलिनमध्ये कॉयरचे आपले लोक समोर असू शकत होते, ब्रॉडवेवरच्या प्रेक्षकाला गप्प बसून बघायची सवय. यात कुणाचा दोष नाही, पण जागा निवडताना हे मोजायला हवं होतं.

ब्रॉडवेने प्रयोग संपला नाही ही चांगली गोष्ट. ब्लाइंड बॉइजना यातून गॉस्पेलच्या बाहेरचा श्रोता मिळाला, पुढे त्यांना ग्रॅमी मिळाले. २०१० मध्ये ते एडिनबरा फेस्टिव्हलला हेच नाटक घेऊन गेले, २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झालं, त्याच वर्षी फाउंटन गेला. ब्रुअर जानेवारी २०२१ मध्ये गेला. म्हणजे ज्यांच्या अंगावर हा प्रयोग बेतला होता त्यातली बरीच माणसं आता नाहीत, आणि मग प्रश्न उरतो की दुसऱ्या कुणी करायचा तर कसा.

त्याचं एक उत्तर शिकागोच्या कोर्ट थिएटरने २०२३ मध्ये दिलं, आणि तोच प्रयोग पुढे लॉस एंजेलिसजवळच्या गेटी व्हिलाच्या उघड्या रंगमंचावर झाला. तिथे इडिपस एकच, केल्विन रोस्टन ज्युनियर, बोलतोही तोच आणि गातोही तोच. यात एक मिळतं आणि एक जातं. मिळतं ते असं की बोलता बोलता गाण्यात शिरणं एकाच शरीरात दिसतं, इडिपसची गोष्ट जास्त घट्ट होते, नाटक म्हणून पकड वाढते. जातं ते खांद्यावर हात ठेवून येणारी ती रांग. पण आंधळ्या गायकांचा तोच ग्रुप पुन्हा शोधत बसण्यापेक्षा हे बरं, कारण तसं केलं असतं तर हातात नक्कल आली असती. १९८३ चा प्रयोग त्या वेळी जे लोक समोर होते त्यांच्यावर बेतला होता, शिकागोवाल्यांनी त्यांच्यासमोर जो नट-गायक होता त्याच्यावर बेतला. आपल्याकडे कुणी हे नाटक कीर्तनातून करायचं म्हटलं तर गॉस्पेलच्या चाली मराठीत आणायच्या भानगडीत पडू नये, आधी एक बुवा आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षं उभे राहिलेले टाळकरी शोधावेत, आणि इडिपसच्या शापाचं काय करायचं ते त्यांनाच विचारावं.